कोरोनाकाळातल्या फिरण्याची चिकटवही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमरावती जिल्ह्यातल्या संत्रापट्ट्यात, एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. 2020 च्या उन्हाळ्यात शाळा बंद पडली आणि घरातली दोन लेकरं दिवसभर पायात पायात यायला लागली. त्यांना गुंतवायला म्हणून हिशेबाची एक जुनी वही काढली आणि रोजच्या फेरफटक्यातलं काहीबाही त्यात चिकटवू लागलो. मग शेजारणीने वही केली, मग बचत गटातल्या दोघी-तिघींनी. आता गावात पंधराएक वह्या आहेत, आणि प्रत्येक नवीन माणूस तेच प्रश्न विचारतो. तोंडी सांगून थकले, म्हणून लिहून काढले.

"आमी तं कुठं गेलोच नाही, मॅडम. वहीत लावाचं काय?"

निम्मे लोक इथेच अडतात. 25 मार्च 2020 ला गुढीपाडवा होता आणि टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. त्यानंतर बस नाही, बाजार नाही, लग्न नाही. पण वावर, म्हणजे शेत, बंद नव्हतं. ऊन उतरलं की पांदणीने, म्हणजे शेतरस्त्याने, विहिरीपर्यंत जायचं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचं, अंधार पडायच्या आत परतायचं, एवढं तर बहुतेक घरांत चालू होतं. मी एक साधं माप ठरवलं आहे. उंबरठा ओलांडला आणि परत आल्यावर घरच्यांना काही सांगावंसं वाटलं, तर ते फिरणं वहीत जातं.

त्या मापाने पाहिलं की पुष्कळ निघतं. रेशन दुकानासमोर चुन्याने आखलेल्या गोलांत उभं राहणं. ई-पास काढून बीपीच्या गोळ्यांसाठी तालुक्याला मारलेली चक्कर. वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता अडवला होता, तिथवर नुसतं पाहायला जाणं. आमच्या गल्लीतले एक काकाजी पुण्याहून आले तेव्हा त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलं होतं. ज्या खोलीत ते चौथी शिकले, त्याच खोलीत. त्यांच्या वहीत त्या चौदा दिवसांची सहा पानं आहेत आणि माझ्या मते गावातल्या सगळ्या वह्यांमधला तो सर्वांत लांबचा प्रवास आहे. वर्गाच्या फळीवर कुणीतरी करकटकाने कोरलेलं नाव त्यांनी कागद ठेवून पेन्सिलीने घासून उमटवून घेतलं. ते पान पाहायला लोक मुद्दाम जातात.

तारखा आठवत नाहीत. अंदाजे लिहिलं तर चालेल का?

चालेल, पण आधी थोडी खटपट करा. तारीख एकटी आठवत नसते, तिच्या शेजारी काय घडलं ते आठवतं. आमच्याकडे उपयोगी पडलेल्या खुणा अशा: 22 मार्च 2020, जनता कर्फ्यू आणि संध्याकाळी पाचच्या थाळ्या. 5 एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे. मेच्या शेवटच्या आठवड्यात टोळधाड. 21 जूनला सूर्यग्रहण. 1 जुलैला आषाढी. 20 ऑगस्टपासून एसटी पुन्हा एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात धावू लागली. त्या वर्षी अधिक आश्विन होता, म्हणून नवरात्र पार 17 ऑक्टोबरला बसलं. 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, देवळं उघडली. 15 जानेवारी 2021 ला ग्रामपंचायतीचं मतदान, आणि हे कुणीच विसरत नाही. मार्च 2021 पासून साठीच्या पुढच्यांना लस, एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढच्यांना, मेपासून अठराच्या पुढच्यांना. दिवाळी 2021 च्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप.

"आपण रिनमोचनले गेलो ते मतदानाच्या आधी का मंग?" असा प्रश्न घरात टाका आणि गंमत बघा. रिनमोचन म्हणजे ऋणमोचन, आमच्याकडचं यात्रेचं ठिकाण.

गोंधळही होतात. आमच्या धाकट्याच्या डोक्यात थाळ्यांची सरमिसळ झाली आहे. एक 22 मार्चच्या, आणि दुसऱ्या टोळ पळवायला संत्र्याच्या बागेत बडवल्या त्या. त्याला पक्कं वाटतं की कोरोना हा पंखांचा किडा होता आणि आपण तो थाळ्या वाजवून मोर्शीकडे हाकलला. मी ते तसंच लिहून घेतलं, खाली त्याचं तेव्हाचं वय लिहिलं.

फोन हाताशी असेल तर आणखी एक वाट आहे. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोच्या नावात आठ आकडे सलग असतात, उदाहरणार्थ 20200526. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मात्र तो दिवस फोटो तुमच्याकडे आल्याचा असतो. काढल्याचा असेलच असं नाही.

वही कोणती घ्यावी?

लाल कापडी पुठ्ठ्याची, शिवलेली, दुकानदार हिशेबाला वापरतात ती. पानं जाड नसतात, पण शिवण टिकते. एक गोष्ट मात्र आधीच करून ठेवा. दर दोन पानांनंतरचं तिसरं पान कापून टाका आणि शिवणीपाशी बोटभर पट्टी तेवढी ठेवा. नाहीतर चिकटवलेल्या वस्तूंनी वही फुगते आणि उघड्या तोंडाच्या सुसरीसारखी पडून राहते. माझी पहिली वही तशीच आहे. तिच्यावर दोन विटा ठेवूनही मिटत नाही.

रंगीत टेप, स्टिकर, शिक्के ऑनलाइन मागवू का?

मागवा. लागत मात्र काही नाही.

गोंद कोणता?

कागदाला कागद चिकटवायचा तर घरची खळ. एक चमचा मैदा पाच-सहा चमचे थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवा, मंद आचेवर ढवळत राहा, दुधट रंग जाऊन पारदर्शक झाली की उतरवा. गार झाल्यावर बोटाने किंवा जुन्या ब्रशने अगदी पातळ लावा. पानाच्या दोन्ही बाजूंना बटर पेपर किंवा दुधाच्या पिशवीचं धुतलेलं प्लास्टिक घाला आणि रात्रभर वहीवर पाटा ठेवा. उन्हाळ्यात खळ दुसऱ्या दिवशीच आंबते, म्हणून थोडीच करा.

जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, कसर, म्हणजे कागद खाणारा किडा, लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे. लेकरांचे हात ज्या वाटीत जाणार तिच्यात तो घालू नका.

फोटोला मात्र खळ नको आणि पाठीमागून सगळीकडे फासलेला कुठलाच गोंद नको. फोटो गोळा होतो आणि पुढे काढायचा म्हटलं तर फाटतो. लग्नपत्रिकेच्या पाकिटाचे चारही कोपरे त्रिकोणी कापा. ते त्रिकोण पानावर चिकटवा आणि त्यांत फोटोचे कोपरे खोचा. आमच्याकडे एकेका लग्नसराईत पाकिटांचा ढीग जमतो. 2020 मधला ढीग तर विशेषच, कारण पत्रिका छापून झाल्या होत्या आणि लग्नं झाली नव्हती.

एसटीचं तिकीट पांढरं पडलं. अक्षरं परत येतील का?

नाही येणार. मशीनमधून निघणाऱ्या तिकिटात शाई नसतेच. तो उष्णतेने काळा पडणारा कागद असतो. कागदावरच्या थराला मशीनमधला तापलेला भाग लागतो तिथे अक्षर उमटतं. पुढे ऊन, तेलकट हात, प्लास्टिकची पिशवी, काही गोंदांतले द्रव, यातल्या कशानेही ते उडू शकतं. एटीएमची पावती, पेट्रोल पंपाची पावती, सगळ्यांची जात एकच.

हे मी अनुभवाने सांगते. 20 ऑगस्टनंतर आम्ही पहिल्यांदा एसटीने माझ्या माहेरी, वर्धेला गेलो. गाडीत मोजून माणसं, एका बाकावर एकच, आणि कंडक्टरच्या तोंडाला दोन मास्क. ते तिकीट मी कौतुकाने पारदर्शक चिकटपट्टीखाली दाबून लावलं. पुढच्या उन्हाळ्यात पान उघडलं तर पट्टी पिवळी आणि तिकीट कोरं करकरीत. आता त्या पानावर मी तिकिटाभोवती पेनाने चौकट काढली आहे आणि आत आठवेल तेवढं लिहिलं आहे. भाडं आठवत नाही, ती जागा रिकामी सोडली.

तुम्ही असं करा: तिकीट हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढा. झेरॉक्सची अक्षरं पावडर वितळून कागदाला धरलेली असतात, ती वर्षानुवर्षं टिकतात. झेरॉक्स पानावर लावा, मूळ तिकीट कागदाच्या पाकिटात ठेवा. अक्षरं थोडी जरी दिसत असतील तर आत्ता, हे वाचतावाचता उठून फोनने फोटो काढा.

फोटो फोनमध्येच आहेत. छापायलाच हवेत का?

हवेत. माझा फोन दुरुस्तीला दिला होता, तो सगळं पुसून परत आला. दोष कुणाचा यावर आता बोलण्यात अर्थ नाही. टाळेबंदीतले माझे जे फोटो आज आहेत, ते मी बहिणीला पाठवले होते म्हणून आहेत. त्यामुळे माझ्या वहीत मी जे दुसऱ्यांना दाखवण्यासारखं समजले तेवढंच उरलं आहे. स्वैपाकघराचा पसारा, रडणारी पोरं, मळकी गाऊन, ते सगळं गेलं. फार वाईट वाटतं त्याचं.

तालुक्याला गेलात की एकदम वीस-पंचवीस फोटो छापून आणा. घरच्या शाईच्या प्रिंटरवर छापलेला फोटो ओल्या बोटानेही पसरतो, एवढं लक्षात असू द्या.

पानं, फुलं, माती, पीस हे कसं लावायचं?

फूल आधी वाळवा. जुन्या वर्तमानपत्रात घालून वर पाटा ठेवा, पहिले चार दिवस रोज कागद बदला, मग आठवडाभर विसरून जा. पळसाचं फूल दाबलं की रंग करपतो पण आकार छान राहतो. होळीला त्याचा रंग उकळतातच, तर त्याच पाण्यात कागदाची पट्टी बुडवून वाळवा आणि फुलाशेजारी लावा. मोहाचं फूल मात्र लावू नका. ते गोड आणि रसाळ असतं, दाबलं की चिकट लगदा होतो आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांची वारी लागते. संत्र्याचं पान उत्तम. ते उजेडासमोर धरलं की तेलाचे बारीक ठिपके दिसतात, म्हणून मी ते वहीच्या पानात कापलेल्या खिडकीवर लावते, म्हणजे वही दिव्यासमोर धरता येते. सरकीसकट कापसाचं बोंड फार फुगतं. एक पाकळीभर कापूस पुरे.

मातीची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण ती आम्हाला अपघाताने सापडली. आमच्या वावरातली काळी माती चाळून थोरल्याने खळीत कालवली आणि पानभर जाड लेप दिला. सकाळी पाहिलं तर लेपाला भेगा पडलेल्या, हुबेहूब मेमधल्या वावरासारख्या. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, तेच पानावर झालं. दोन दिवसांनी खपल्या निघायला लागल्या. मग पातळ लेप देऊन पाहिला, त्याला केसांएवढ्या भेगा पडल्या आणि तो राहिला. त्या पानावर शीर्षक नाही, तारीख आहे फक्त.

जंगलाचं वेगळं आहे. मेळघाटात किंवा ताडोबात गेला असाल तर तिथून पीस, शिंग, बी, दगड काहीही उचलून आणू नका. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून वस्तू बाहेर नेण्यावर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. तिथलं चित्र काढा, ते वहीत जास्त चांगलं दिसतं.

जी सहल ठरली आणि झालीच नाही, तिचं पान करायचं का?

करायचं, आणि चांगलं मोठं करायचं. आमचं दर हिवाळ्यात बहिरमला जाणं ठरलेलं. सातपुड्याच्या पायथ्याशी यात्रा, मातीची हांडी, गोवऱ्यांवरचे रोडगे. 2020 च्या डिसेंबरात ते राहिलं. मग सासूबाईंनी वावरातच विहिरीजवळ गोवऱ्या पेटवल्या, रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. जेवतानाच मी वही काढली तेव्हा त्या म्हणाल्या, "आन इकडं, मले नाही लिवता येत तं का झालं," आणि हळदीच्या बोटांनी पान धरलं. अंगठा आणि दोन बोटं स्पष्ट उमटली. तेच पान. हळद उन्हात उडते, म्हणून ते पान मी कुणाला अंगणात नेऊ देत नाही.

लोणारचंही तसंच. जून 2020 मध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं आणि मेहकरकडच्या नातेवाइकांनी धडाधड फोटो पाठवले. आम्ही घरात बसून पाहिलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पुढे सांगितलं की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे ते झालं. पाणी घटलं, खारटपणा वाढला, आणि त्यांचं फावलं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. आम्ही प्रत्यक्ष गेलो ते 2022 मध्ये, तेव्हा पाणी नेहमीसारखं हिरवट. डाव्या पानावर दुसऱ्यांचा गुलाबी फोटो, उजव्या पानावर आमचा हिरवा. धाकटा अजून म्हणतो की आपल्याला उशीर झाला.

दवाखान्याच्या फेऱ्या, अंत्यविधीला जाणं, हे अशा वहीत असावं का?

ज्याने त्याने ठरवावं. कुणी आग्रह केला तर ऐकू नका, "लावू नका" असा आग्रहही ऐकू नका.

आमच्या घरातलं सांगते. एप्रिल 2021 मध्ये माझे चुलत सासरे जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात गेले. तिथून त्यांनी फोनवर सामान सांगितलं, ते मी गॅसच्या पावतीच्या मागे लिहून घेतलं: चष्मा, पंचा, हरिपाठ, चार्जर, लिंबाचं लोणचं थोडं. सामान पोचलं. ते परत आले नाहीत. ती पावती मी पानावर उघडी लावू शकले नाही. एक पाकीट चिकटवलं, त्यात ती ठेवली, पाकिटाचं तोंड उघडंच ठेवलं. काकूंनी दोन वर्षं त्या पानाला हात लावला नाही. नंतर एकदा मी दुसरं काही शोधताना पाहिलं तर पाकिटात एक सुपारी होती. मी विचारलं नाही.

रस्त्याने पायी गेलेल्या मजुरांचे फोटो आहेत. लावू का?

नागपूर-अमरावती महामार्गाजवळच्या गावांत हा प्रश्न हमखास येतो. एप्रिल-मे 2020 मध्ये माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन पायी जाताना आपण सगळ्यांनी पाहिली. भाकरी दिल्या, पाणी दिलं, कुणी चपला दिल्या. पण त्यांचे चेहरे आपल्या वहीत लावायला आपण त्यांना विचारलेलं नाही. मी लावत नाही. त्या दिवशी किती भाकरी केल्या, कुणाच्या घरून पीठ आलं, ती माणसं कुठली आणि कुठे निघाली होती, हे लिहा. एका मावशींच्या वहीत नुसती रेघांची मोजदाद आहे, दुधाचा रतीब मांडतात तशी. त्या दिवशी ओट्यावर पाणी प्यालेल्या माणसांची.

वऱ्हाडीत लिहू की शुद्ध?

जसं बोलता तसं. "आमी वावरात गेलतो" असं लिहिलेलं पान पाहून मी, शाळेची बाई असूनही, लाल पेन काढत नाही. "आम्ही शेतात गेलो होतो" असं लिहिलं की ते निबंधातलं शेत होतं, त्यात कुणाचं वावर दिसत नाही.

लेकरांच्या हातात द्यावी का वही?

द्या, कात्री मात्र तुम्ही धरा. आणि त्यांनी वाकडं चिकटवलेलं रात्री गुपचूप सरळ करू नका. त्यांना कळतं.

ई-पास, लसीचं प्रमाणपत्र, तपासणीचा रिपोर्ट हे लावलं तर धोका आहे का?

वही घरात राहणार असेल तर फारसा नाही. पण पाहुणे पानांचे फोटो काढून स्टेटसला टाकतात, म्हणून आधार क्रमांक, मोबाइल नंबर आणि क्यूआर कोडवर कागदाची पट्टी लावा. नुसतं पेनाने खोडलं तर मागून उजेड धरला की दिसतं. मूळ प्रमाणपत्र कधीही चिकटवू नका, छापील प्रत लावा.

पावसाळ्यात वही कशी जपायची?

कसर आणि वाळवी, हे दोन शत्रू. कसरीला पिठूळ खळ आवडते, म्हणून खळ पातळ लावायला सांगितलं. वही भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, वाळवी भिंतीतूनच चढते. पत्र्याची पेटी, खाली दोन लाकडी पट्ट्या, आत कडुलिंबाची कडकडीत वाळलेली पानं. ओली पानं घातली तर बुरशीला आपणच आमंत्रण दिलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळण्यापेक्षा जुन्या सुती धोतराच्या फडक्यात बांधा. पाऊस उघडला की दोन दिवस सावलीत पानं उलटी-सुलटी करून हवा द्या. आणि मेमध्ये ती पेटी टिनाच्या छपराखाली ठेवू नका, आपल्याकडे तिथे माणूस टिकत नाही तर कागद काय टिकणार.

एकच प्रसंग घरातल्या दोघांना वेगवेगळा आठवतो. कुणाचं लिहावं?

दोघांचंही, शेजारी-शेजारी, खाली ज्याची त्याची सही किंवा अंगठा. आमच्याकडे 2020 च्या पोळ्याचं पान आहे. तोरण बांधलं नव्हतं, मिरवणूक नव्हती, बैल घरासमोरच पुजले आणि पांदणीने वावरापर्यंत फिरवून आणले. सासूबाई म्हणतात पुढचा बैल तांबडा होता, यजमान म्हणतात पांढरा, तांबडा आदल्या वर्षीच विकला. दोघांचं लिहून झालं, दोघांनी खाली अंगठा आणि सही केली. फोटो आहे त्या दिवसाचा, पण मी पैसे वाचवायला त्याची झेरॉक्स काढून आणली होती, आणि तिच्यात बैल करडा दिसतो.